दारूचं दुकान शाळेपासून किती लांब हवं? अंतर मोजतात कसं? आणि 'आडवी बाटली' म्हणजे काय?

सोसायटीच्या खालच्या गाळ्याचं शटर चार महिने बंद असतं. मग एक दिवस आत फर्निचरचं काम सुरू होतं, फ्रीज येतात आणि कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतं, "खाली बिअर शॉपी येतेय म्हणे." त्यानंतर ग्रुपवर सगळे वकील होतात. एक म्हणतो शाळा शंभर मीटरवर आहे, चालणारच नाही. दुसरा म्हणतो अहो पाचशे मीटरचा नियम आहे, सुप्रीम कोर्टाचा. तिसरा कोपऱ्यावरच्या मारुतीच्या देवळाचा फोटो टाकतो. आणि महिन्याभराने शॉपी सुरू होते.

मग नियम मोडला का? बऱ्याचदा नाही. आपण समजतो तो नियम एक असतो आणि कागदावरचा नियम वेगळाच असतो. त्यामुळे महाराष्ट्रात दारू विकायच्या जागेसाठी नेमक्या अटी काय आहेत, त्या कुठे कडक आहेत आणि कुठे सैल, हे एकदा नीट बघून घेऊ.

मुळात आपला कायदा दारूबंदीचा आहे

हे ऐकून हसू येईल, पण खरं आहे. महाराष्ट्रात दारूविक्री ज्या कायद्याखाली चालते त्याचं नाव आहे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम. कायदा १९४९ चा. तेव्हा आपण मुंबई प्रांतात होतो, मोरारजी देसाई गृहमंत्री होते आणि प्रांतात दारूबंदी आणायची असं ठरलं होतं. तेव्हा त्याचं नाव होतं मुंबई दारूबंदी अधिनियम. पुढे सरकारने बंदी सैल केली, पण कायदा तसाच ठेवला.

त्यामुळे या कायद्याची रचना उलटी आहे. कलम १२ आणि १३ वाचलं तर दारू बनवणं, बाळगणं, विकणं, विकत घेणं, पिणं, सगळ्यालाच बंदी. मग कलम ११ येतं आणि सांगतं की लायसन्स, परमिट किंवा पास असेल तर त्याच्या अटींमध्ये राहून हे करता येईल. म्हणजे किराणा दुकान उघडणं हा तुमचा हक्क आहे, त्यावर सरकार काही बंधनं घालतं. दारूचं दुकान हा हक्कच नाही, ती सरकारने दिलेली सवलत आहे. सुप्रीम कोर्टानेही खोडे डिस्टिलरीजच्या खटल्यात हेच सांगितलं की दारूचा धंदा करणं हा कुणाचा मूलभूत हक्क होत नाही. राज्य तो पूर्ण बंद करू शकतं, स्वतःच्या हातात ठेवू शकतं किंवा अटी घालून इतरांना देऊ शकतं.

तक्रार करताना हा फरक उपयोगी पडतो. "आमचा धंदा आहे, तुम्ही कोण सांगणारे" हे उत्तर इथे चालत नाही. लायसन्समधली अट मोडली तर कलम ५४ खाली लायसन्स निलंबित किंवा रद्द होऊ शकतं. कलम ५६ तर आणखी पुढे जातं, त्याखाली पूर्वसूचना देऊन वेगळ्या कारणासाठीही लायसन्स काढून घेता येतं.

याच कायद्यामुळे पिणाऱ्यालाही परमिट लागतं. देशात फार थोड्या ठिकाणी ही भानगड आहे. एका दिवसाचं, एका वर्षाचं आणि आयुष्यभराचं अशी परमिटं मिळतात. वर्षाचं १०० रुपयांना आणि आजीवन १००० रुपयांना, हे आकडे वर्षानुवर्षं चालत आलेत. 'परमिट रूम' हा शब्द इथूनच आला. परमिट असलेल्याने बसून प्यायची खोली ती परमिट रूम. आज बारमध्ये किंवा दुकानात कुणी तुमच्याकडे परमिट मागत नाही, कारण दुकानदार एक दिवसाच्या परमिटांची पुस्तकं घेऊन ठेवतो आणि कागदोपत्री हिशोब जुळवतो. पण कायद्याने विक्री फक्त परमिटधारकालाच करायची आहे.

वयाची अटही परमिटमधूनच येते. सौम्य बिअर आणि वाईनसाठी २१ वर्षं, व्हिस्की, रम, व्होडका अशा कडक दारूसाठी २५ वर्षं. गोव्यात २१ ला सगळं चालतं, म्हणून पोरांना वाटतं इथेही तेच. २५ च्या अटीवर टीका भरपूर झाली. मतदान १८ ला, लग्न २१ ला आणि पेग २५ ला, हे गणित मलाही पटत नाही. पण नियम आजही तोच आहे.

लायसन्स कुठलं, यावर सगळं ठरतं

बोर्डावर बारीक अक्षरात एफएल-२, एफएल-३ असं काहीतरी लिहिलेलं असतं. तक्रार करण्याआधी ते वाचा, कारण अटी त्याप्रमाणे बदलतात.

एफएल-२ म्हणजे आपण ज्याला वाईन शॉप म्हणतो ते. तिथे सीलबंद बाटली विकायची, प्यायला द्यायची नाही. एफएल-३ म्हणजे परमिट रूम, जिथे बसून प्यायला मिळते आणि जिथून बाटली पार्सल देणं अपेक्षित नाही. एफएल-४ क्लबसाठी. एफएल बीआर-२ म्हणजे बिअर शॉपी. सीएल-३ म्हणजे देशी दारूचं दुकान. लग्नाच्या रिसेप्शनला किंवा कंपनीच्या पार्टीत दारू द्यायची असेल तर तात्पुरतं लायसन्स काढावं लागतं. हॉलवाल्याने "आमच्याकडे चालतं" असं म्हटलं की लोक निश्चिंत होतात, पण कार्यक्रमाचं लायसन्स नसेल तर धाड पडू शकते.

आता एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. वाईन शॉप आणि देशी दारूच्या दुकानांची नवीन लायसन्स देणं सरकारने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून जवळपास बंद ठेवलंय. मग तुमच्या भागात नवीन वाईन शॉप आलं कुठून? ते बहुतेक वेळा नवीन नसतं. कुठल्यातरी दुसऱ्या गावातलं किंवा पेठेतलं जुनं लायसन्स तिथे स्थलांतरित झालेलं असतं. संख्या वाढत नाही म्हणून एकेका जुन्या लायसन्सला सोन्याचा भाव येतो आणि जिथे गिऱ्हाईक जास्त तिकडे दुकान सरकतं. शहराच्या कडेला नवीन सोसायट्या उभ्या राहिल्या की मागोमाग वाईन शॉप येतं, त्यामागचं कारण हे. परमिट रूम आणि बिअर शॉपीचं तसं नाही, ती लायसन्स नव्यानेही मिळत आली आहेत.

याच कारणावरून विधानसभेत सतत आवाज उठतो. मार्च २०२५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि उत्पादन शुल्क खात्याचे मंत्री अजित पवार यांनी सभागृहात जाहीर केलं की सोसायटीच्या आवारातल्या व्यापारी गाळ्यात बिअर शॉपी किंवा दारूचं दुकान सुरू करायचं असेल तर त्या नोंदणीकृत सोसायटीची ना हरकत लागेल. म्हणजे वर लिहिलेल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या हातात आता काहीतरी आहे. फक्त 'नोंदणीकृत' हा शब्द लक्षात ठेवा. बिल्डरने सोसायटी करून दिलेली नसेल तर ना हरकत मागायची कुणाकडे, हा प्रश्न उरतोच. आणि नव्या वस्त्यांमध्ये नेमकी तीच परिस्थिती असते.

आता मुद्द्याचं: अंतर

पहिला गैरसमज, की एकच आकडा आहे. तसं नाही. परमिट रूमसाठी नियमात ७५ मीटर हा आकडा येतो, देशी दारूच्या दुकानासाठी १०० मीटर. लायसन्सचा प्रकार आणि जागा महापालिकेत आहे की ग्रामपंचायतीत, यावरही फरक पडतो. म्हणून "शंभर मीटरच्या आत आहे" असं ठोकून तक्रार लिहू नका, आधी लायसन्सचा प्रकार बघा. अंतर कशापासून? शैक्षणिक संस्था, धार्मिक संस्था आणि एसटीचं बसस्थानक किंवा आगार यांच्यापासून.

दुसरा गैरसमज मोजणीचा. आपण गूगल मॅपवर शाळेपासून बारपर्यंत सरळ रेघ ओढतो, ५२ मीटर येतं, स्क्रीनशॉट काढतो आणि पोस्ट करतो. नियमात असं मोजत नाहीत. दुकानाच्या प्रवेशद्वाराच्या मध्यबिंदूपासून, माणूस पायी नेहमी ज्या जवळच्या वाटेने जातो त्या वाटेने, संस्थेच्या सगळ्यात जवळच्या फाटकाच्या मध्यबिंदूपर्यंत मोजतात. संस्थेला कंपाउंड वॉल नसेल तर तिच्या जवळच्या दरवाजापर्यंत. म्हणजे शाळेची मागची भिंत आणि बारची मागची भिंत एकमेकींना चिकटलेली असली, पण दोघांची दारं वेगवेगळ्या रस्त्यांवर असली, तर अंतर दीडशे मीटर भरू शकतं आणि सगळं कायदेशीर ठरतं. पोरांना वर्गाच्या खिडकीतून बारचा बोर्ड दिसला तरीही.

फाटक कुठलं धरायचं यावरच भांडणं होतात. शाळेचं एक छोटं फाटक वर्षभर कुलूपबंद असतं, ते धरायचं की नाही? दुकानाचं शटर दोन रस्त्यांना असेल तर प्रवेशद्वार कुठलं? दुकानदार अर्ज करताना नकाशात दार कुठे दाखवतो आणि नंतर कुठलं वापरतो, हे तपासण्यासारखं असतं.

तिसरा गैरसमज, आणि सगळ्यात जास्त लोक इथे फसतात, तो म्हणजे शाळा आणि देऊळ कशाला म्हणायचं. नियमांमध्ये शैक्षणिक संस्थेची व्याख्या दिलेली आहे. बालवाडीपासून कॉलेजपर्यंतच्या मान्यताप्राप्त संस्था त्यात येतात. खासगी कोचिंग क्लास येत नाहीत. म्हणजे संध्याकाळी पाच ते नऊ दोनशे पोरं ज्या क्लासला येतात त्याच्या शेजारी बार चालतो, आणि जी शाळा बार भरायच्या आधीच सुटते तिच्यापासून मात्र अंतर पाळावं लागतं. नियम झाला तेव्हा क्लासची संस्कृती एवढी नव्हती, पण तो बदलायला आता कुणाची हरकत असू नये.

धार्मिक संस्थेचंही तसंच. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदणी झालेल्या ट्रस्टची संस्था असली तर ती धरतात, किंवा सरकारने तसं जाहीर केलेलं असलं तर. कोपऱ्यावरचा मारुती कितीही जागृत असला तरी धर्मादाय आयुक्तांकडे नोंद नसेल तर मोजपट्टी त्याच्यापर्यंत येत नाही. आणि दुकान आधीचं असेल आणि शाळा किंवा देऊळ नंतर झालं असेल, तर तेवढ्या कारणाने जुन्या दुकानाचं लायसन्स जात नाही. दुकान हटवण्यासाठी रातोरात देऊळ बांधायची आयडिया अनेकांच्या डोक्यात येते, ती यामुळे चालत नाही.

मग ते ५०० मीटर काय होतं?

ते हायवेचं होतं. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने तामिळनाडू विरुद्ध के. बालू या प्रकरणात आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गाच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायची नाही. कारण उघड होतं, दारू पिऊन गाडी चालवल्यामुळे होणारे अपघात. १ एप्रिल २०१७ पासून हे लागू झालं. आदल्या दिवशी कोर्टाने थोडी सूट दिली, २० हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येच्या ठिकाणी ५०० ऐवजी २२० मीटर. पण त्याच वेळी हेही सांगितलं की नियम फक्त दुकानांना नाही, बार आणि हॉटेललाही आहे.

महाराष्ट्रात हाहाकार उडाला. आपल्याकडे गावं आणि शहरं महामार्गालाच लागून वाढलेली, त्यामुळे राज्यातली निम्म्याहून जास्त दुकानं आणि बार या फटक्यात आले. मग देशभर जुगाड सुरू झाले. काही राज्यांनी शहरातून जाणाऱ्या रस्त्यांचा महामार्गाचा दर्जाच काढून घेतला. रस्ता तोच, ट्रक तेच, फक्त नाव बदललं. केरळमधल्या नॉर्थ परवूरच्या एका बारने तर कमाल केली. दारासमोर भुलभुलैयासारखी वळणावळणाची वाट बांधली, म्हणजे चालत जायचं अंतर वाढेल. अंतर चालायच्या वाटेने मोजतात ना, मग वाटच लांब करू!

शेवटी जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच स्पष्ट केलं की नगरपालिका आणि महापालिकांच्या हद्दीतल्या दुकानांना ही बंदी लागू नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये ग्रामपंचायतींच्या भागांबद्दलही राज्यांना निर्णय घ्यायची मोकळीक मिळाली. म्हणजे आज शहरात कुणी ५०० मीटरचा हवाला देत असेल तर त्याची माहिती जुनी आहे. उघड्या हायवेवर मात्र नियम आहेच.

हायवेवरून विषय निघालाच आहे तर ढाब्यांचंही सांगतो. लायसन्स नसलेल्या ढाब्यावर बाटली सोबत नेऊन बसणं याला अनेक जण गुन्हा मानतच नाहीत. पण कलम ६८ खाली असा गुत्ता चालवणारा मालक आणि कलम ८४ खाली तिथे पिताना सापडलेले गिऱ्हाईक, दोघांवर गुन्हा दाखल होतो. उत्पादन शुल्क खात्याच्या कारवायांच्या बातम्या येतात त्यातल्या भरपूर याच असतात. दंड भरून सुटका होते, पण कोर्टाची तारीख आणि नावावरची नोंद राहते. सरकारी नोकरीची तयारी करणाऱ्यांनी तरी हे मनावर घ्यावं.

वेळ, वय आणि पुण्याचा तो अपघात

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे कारने दोन तरुण इंजिनिअर्सना उडवलं. गाडी चालवणारा १७ वर्षांचा होता आणि त्याआधी तो मित्रांसोबत बारमध्ये बसला होता. निबंध लिहायच्या अटीवर मिळालेला जामीन, रक्ताच्या नमुन्यातली फेराफार, यावर देशभर चर्चा झाली. पण सुरुवात लायसन्सची एक अट मोडण्यापासून झाली होती. १७ वर्षांच्या मुलाला दारू कशी काय दिली? त्यानंतर संबंधित बार सील झाले, मालक-मॅनेजरना अटक झाली आणि अनेक पब-बारची तपासणी सुरू झाली.

अल्पवयीन मुलाला दारू देणं हे फक्त लायसन्सच्या अटीचं उल्लंघन नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ खाली त्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. वेटरने "वय विचारलं होतं, मोठाच वाटला" असं सांगून भागत नाही. वय तपासायची जबाबदारी लायसन्सधारकाची आहे.

वेळेचं म्हणाल तर मुंबई-पुण्यासारख्या पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत परमिट रूमला रात्री दीडपर्यंत मुभा आहे, बाकी ठिकाणी साडेअकरापर्यंत. वाईन शॉप सकाळी दहाला उघडतं आणि रात्री साडेदहाच्या आत बंद व्हायला हवं. देशीचं दुकान मात्र सकाळी आठलाच उघडतं. कष्टकरी माणूस कामावर जायच्या वेळेला ते उघडं असतं, हे कुणाच्या सोयीचं आहे ते तुम्हीच ठरवा. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने दुकानं-हॉटेलं २४ तास उघडी ठेवता येतील असं स्पष्ट केलं तेव्हा "आता बारही रात्रभर" अशी पोस्ट फिरली होती. ती चुकीची होती. दारू विकणाऱ्या आणि देणाऱ्या आस्थापनांना त्यातून वगळलंय.

ड्राय डे तर सगळ्यांना पाठच असतात. १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, २ ऑक्टोबर. निवडणुकीत मतदान संपायच्या आधीचे ४८ तास बंद, हे लोकप्रतिनिधित्व कायद्यात आहे. त्याशिवाय मिरवणूक, यात्रा किंवा दंगलीची भीती असेल तर शांतता राखण्यासाठी कलेक्टर कलम १४२ खाली दुकानं बंद ठेवायचा आदेश देऊ शकतात.

एक छोटी अट नावाची. बार आणि दारूच्या दुकानांना देवदेवता, महापुरुष आणि गडकिल्ल्यांची नावं देता येणार नाहीत, असं २०२२ मध्ये सरकारने सांगितलं आणि पाट्या बदलायला त्याच वर्षीच्या जूनअखेरपर्यंत मुदत दिली. तुमच्या गावात अजून जुनी पाटी असेल तर ती तक्रार सगळ्यात सोपी, मोजपट्टी लागत नाही.

आडवी बाटली

अंतर बरोबर आहे, वेळ पाळली जाते, सगळे कागद चोख आहेत. तरी गावाला ते दुकान नको आहे. मग?

यासाठी महाराष्ट्रात मतदानाची सोय आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या किंवा वॉर्डातल्या एकूण मतदारांपैकी किंवा नुसत्या महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणांनी लेखी मागणी केली की प्रशासन आधी सह्यांची पडताळणी करतं आणि मग गुप्त मतदान घेतं. मतपत्रिकेवर दोन चिन्हं, उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान चालू राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही क्षणात कळेल असं हे चिन्ह आहे. सरकारी कामात इतकी नेमकी कल्पना क्वचित बघायला मिळते.

पण जिंकायची अट अवघड आहे. झालेल्या मतदानाच्या निम्मी मतं मिळून भागत नाही, तर एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. उदाहरण म्हणून १००० महिला मतदार असलेलं एक गाव घ्या. मतदानाला ६०० जणी आल्या. ४८० जणींनी आडवीवर शिक्का मारला, १२० जणींनी उभीवर. चारास एक असा निकाल, तरीही दुकान चालू, कारण ५०१ हव्या होत्या. जी घरात बसली, मजुरीला गेली, ऊसतोडीला गेली किंवा लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली पण यादीत नाव राहिलं, तिचं मत आपोआप उभ्या बाटलीला पडल्यासारखं होतं. आमदार निवडायला अशी अट लावली तर विधानसभा अर्धी रिकामी राहील.

पडताळणी ही दुसरी अडचण. सह्या केलेल्या बायकांना अधिकाऱ्यांसमोर येऊन सही माझीच आहे असं सांगावं लागतं. ज्या गावात दुकानाचा मालक सरपंचाचा नातेवाईक असतो, तिथे हे सोपं नसतं. नवऱ्याला कळतं, सासऱ्याला कळतं, मजुरी देणाऱ्याला कळतं. मतदान गुप्त आहे, पण मागणी गुप्त नाही. तरीही अनेक गावांत बाटली आडवी झाली आहे, आणि जिथे झाली तिथे बचत गटाच्या बायका दोन-दोन महिने घरोघर फिरल्या म्हणून झाली.

मार्च २०२५ च्या त्याच उत्तरात अजित पवारांनी शहरांबद्दल वेगळं गणित सांगितलं होतं. महापालिकेच्या वॉर्डात झालेल्या मतदानाच्या ७५ टक्के मतं बंदच्या बाजूने पडली तर दुकान बंद. यात निदान न आलेल्याचं मत विरोधात मोजलं जात नाही.

अख्खा जिल्हाच बंद करायची उदाहरणंही आपल्याकडे आहेत. वर्धा गांधीजींच्या सेवाग्राममुळे, गडचिरोली १९९३ पासून लोकांच्या आंदोलनामुळे. चंद्रपूरला २०१५ मध्ये दारूबंदी लागू झाली आणि २०२१ मध्ये उठवली गेली. बंदीमुळे अवैध दारू वाढली असं एका बाजूचं म्हणणं, घरातली मारहाण थांबली असं दुसऱ्या बाजूचं. त्यावर स्वतंत्र लिहावं लागेल. आदिवासी पट्ट्यातल्या गावांना मात्र पेसा कायद्याने एक जास्तीचा अधिकार दिलाय. १९९६ च्या या कायद्यात दारूबंदी लागू करणं किंवा विक्रीवर नियंत्रण ठेवणं हे ग्रामसभेच्या अखत्यारीत येतं.

तक्रार करायची तर कशी?

लायसन्सचा अर्ज जातो जिल्ह्याच्या राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांकडे आणि निर्णय असतो कलेक्टरचा. त्यांच्या निर्णयावर आयुक्तांकडे अपील होतं आणि पुढे मंत्र्यांपर्यंतही प्रकरण जातं. म्हणून हरकत दुकान सुरू व्हायच्या आधी, फर्निचरचं काम चालू असतानाच, अधीक्षक आणि कलेक्टर दोघांकडे लेखी द्या आणि पोच घ्या. दुकान सुरू झालं की ते बंद करणं दसपट अवघड होतं. त्याला एक कारण असंही आहे की कायद्याच्या कलम १०४ मध्ये तडजोडीची तरतूद आहे. लायसन्स निलंबित किंवा रद्द करण्याऐवजी ठरावीक रक्कम भरून घेऊन प्रकरण मिटवता येतं. "तक्रार केली, पथक आलं, पंचनामा झाला आणि दुसऱ्या दिवशी बार परत सुरू," असं जे दिसतं त्यामागे दरवेळी हप्ताच असतो असं नाही. कधीकधी ते कायद्यातच असतं.

माहिती अधिकारात "सदर बार कायदेशीर आहे का" असं विचारू नका, गोल उत्तर येईल. तीन कागद मागा. लायसन्सची प्रत, मंजूर नकाशा आणि अंतर मोजल्याचा पंचनामा. नकाशावर दार कुठे दाखवलंय ते बघा. गच्ची, फुटपाथ, मागचं पार्किंग इथे टेबलं मांडलेली असतील आणि ती जागा मंजूर नकाशात नसेल, तर अंतराचा वाद घालायचीही गरज नाही. पंचनाम्यात मोजणी कुठल्या फाटकापासून केली तेही लिहिलेलं असतं. मग टेप घेऊन एकदा स्वतः चालून बघा.